सेवा कोणाची, शिक्षण कोणाचे?

ग्वातेमालातील आंतिग्वा हे शहर स्पॅनिश शिकविणाऱ्या शाळांसाठी प्रसिद्ध आहे. सकाळी शिक्षकासमोर बसून धडा घ्यावयाचा आणि दुपारी एखाद्या शाळेत वा बालगृहात मुलांची 'सेवा' करावयाची, असा तेथे येणाऱ्या अनेक परदेशी तरुणांचा दिनक्रम असतो. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न देवघेवीचा आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या, धड वाक्यही न जुळविता येणाऱ्या पाहुण्याला मुलांच्या सहवासात भाषेचा सराव मिळतो. मुलांच्या पदरात मात्र काय पडते? लळा लागतो न लागतो तोच पाहुणा निघून जातो. शिवाय आसपासच्या खेड्यांतील अनेक माया कुटुंबांची मातृभाषा काक्चिकेल आहे. स्पॅनिश त्यांच्या मुलांनाही शिकावीच लागते.

१९८० साली निकाराग्वात साक्षरतेची मोहीम झाली. हजारो तरुण पाच महिने खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी राहिले. दिवसा शेतात राबले, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी अक्षरे शिकविली. पुढे मिस्किटो भाषेतही वर्ग निघाले. ती मोहीम राजकारणापासून अलिप्त नव्हती, हे खरे. परंतु खेड्याकडून जे शिकले, त्याचे मोल त्या तरुणांनी श्रमाने चुकविले.

मग परदेशी तरुणाने जाऊच नये काय? अवश्य जावे. मात्र भाषा शिक्षकाकडून, योग्य मोबदला देऊन शिकावी. सेवाच करावयाची तर स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली, त्याला गरज असेल तेवढीच करावी. मुले ही कोणाच्या सरावाची पाटी नव्हेत.