तळं निवडताना कॅलेंडर बघा!

दिवाळी जवळ आली की प्रत्येक ऑफिसात दोनच विषय असतात. बोनस किती, आणि सुट्टीत कुठे? पहिल्याचं उत्तर एचआरवाले देतात. दुसऱ्यासाठी व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघतो, त्याला ‘ट्रिप फायनल’ असं झकास नाव पडतं आणि पुढचे तीन आठवडे काही म्हणजे काही फायनल होत नाही. आमच्या ग्रुपचंही तेच. सहा जण, चार दिवसांची रजा आणि सगळ्यांची एकच फर्माइश. डोंगर हवेत आणि डोंगरांच्या मध्ये मस्त निळंशार तळं हवं. बस्स!

पहिल्या मिनिटाला पँगाँगचा फोटो आला. येणारच होता. २००९ साली ‘थ्री इडियट्स’चा शेवट त्या तळ्याकाठी झाला आणि तेव्हापासून आपल्या पिढीच्या डोक्यात ‘तळं’ म्हटलं की तेच. दिसायला जबरदस्त आहे, वादच नाही. पण जरा हिशेब करा. पँगाँग आहे सव्वाचार हजार मीटरवर. लेह साडेतीन हजारांवर. विमानातून उतरलात की तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस तरी गप पडून राहावं लागतं. म्हणजे चारातले दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पांघरूण घेऊन. एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं? आणि एवढं करून ते पाणी खारट!

दुसरी सूचना नैनितालची. तेही सुंदर. पण नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढे दिवसभराचा रस्ता, परत येताना तेच. शिवाय नैनिताल गाव स्वतःच्या पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून उचलतं. २०१७च्या उन्हाळ्यात ते तळं इतकं खाली गेलं होतं की काठाला सुकलेला गाळ उघडा पडला होता. फोटो काढणाऱ्यांनी कॅमेरे दुसरीकडे वळवले, एवढंच.

मग मी म्हटलं, आपल्याच विदर्भात का नाही?

ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. आमच्यातला सॉफ्टवेअरवाला म्हणाला, ‘‘विदर्भात तळं? आपल्याकडे तर टँकर असतात!’’

जोक चांगला होता. पण मी यवतमाळची. टँकरवर मला पटकन हसू येत नाही. म्हणून या आठवड्याचा कॉलम त्याच्या जोकला उत्तर म्हणून.

आपल्या तळ्यांची गोष्टच वेगळी

हिमालयात किंवा स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावर तळी आहेत, कारण तिथे हिमनद्यांनी हजारो वर्षं खडक खरवडून खोलगट जागा तयार केल्या. आपल्याकडे बर्फ नव्हता. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे आणि दऱ्या नद्यांनी कापलेल्या. पाणी येतं आणि उतारावरून निघून जातं. थांबत नाही. ते थांबवायचं असेल तर कुणीतरी मध्ये भिंत घालावी लागते.

म्हणून महाराष्ट्रातलं जवळपास प्रत्येक ‘सीनिक’ तळं हे कुणीतरी, कशासाठीतरी बांधलेलं आहे. महाबळेश्वरचं वेण्णा लेक १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलं. भंडारदऱ्याचा विल्सन डॅम १९२६ साली पुरा झाला, तो शेतीच्या पाण्यासाठी. आपण जिथे मक्याचं कणीस खात फोटो काढतो, ती मुळात पाण्याची टाकी आहे. फक्त तिच्याभोवती डोंगर आहेत.

एक मोठा अपवाद म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. ते उल्केच्या धडकेनं झालेलं, काळ्या बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. जून २०२०मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर बातम्या आल्या. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. समृद्धी महामार्गामुळे आता जाणंही सोपं झालंय. पण तिथलं पाणी अल्कधर्मी. पोहणं, बोटिंग असले लाड नाहीत. ते बघायचं आणि थक्क व्हायचं ठिकाण. एक दिवस पुरे.

बाकी सगळी तळी टाकीच्या जातीची. आणि टाकीचा नियम तुम्हाला-मला चांगलाच माहीत आहे. ती भरते कधी, यावर सगळं अवलंबून!

वर्षातून एकच पगार

आपला पगार महिन्याला होतो. एक तारखेला राजा, पंचवीस तारखेला कटिंग चहा. धरणाचा पगार वर्षातून एकदाच होतो. जून ते सप्टेंबर जमा, पुढचे आठ महिने नुसता खर्च. १५ ऑक्टोबरला किती साठा आहे ते बघून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं की पिण्याला किती ठेवायचं आणि रब्बीला किती सोडायचं. त्यानंतर तळ्याची पातळी रोज थोडी थोडी उतरत जाते. मे महिन्यात ते तळं म्हणजे महिनाअखेरचं आपलं अकाउंट.

आणि आपण सुट्टीला जातो कधी? मे महिन्यात! मग काठावर दोनशे मीटर चिखल, त्यात रुतलेली एक बोट आणि ‘गुगलवर तर किती छान दिसत होतं’ हा डायलॉग.

त्यामुळे ‘कुठलं तळं’ याच्या आधी ‘कुठला महिना’ हे विचारा. जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज टक्केवारीत जाहीर करतो. हॉटेलचे रिव्ह्यू वाचायला आपण तासभर घालवतो ना? पाच मिनिटं त्या टक्क्यांनाही द्या.

निळोणा नावाचं तळं

मला हे कुणी शिकवलं नाही. यवतमाळात वाढलं की आपोआप कळतं.

यवतमाळ गाव डोंगरांच्या कुशीत आहे. गावाबाहेर निळोणा आणि चापडोह अशी दोन धरणं. निळोणा भरून वाहू लागलं की अख्खं गाव बघायला निघतं. स्कूटरवर तिघं-तिघं, हातात भुट्टे, वर पावसाची भुरभुर. आमच्या लहानपणी हाच आमचा हिल स्टेशनचा वीकेण्ड. आजूबाजूला हिरवे डोंगर, मध्ये काठोकाठ पाणी. कुठल्याही कॅलेंडरवर शोभेल असं चित्र.

२०१७चा पावसाळा कमी झाला. निळोणा भरलंच नाही, चापडोहही नाही. २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही आटली. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, काही भागांत त्याहूनही जास्त. बेंबळा धरणातून पाईपलाईन कधी येणार, हा तेव्हा चौकाचौकातला विषय. मी नागपुरात मास कम्युनिकेशन शिकत होते. परीक्षा संपल्या, बॅग भरली आणि घरी फोन केला. आई म्हणाली, ‘‘आत्ता येऊ नको वं माय. पाणी पुरत नाही. पाऊस पडला की ये.’’

विचार करा. नागपूर-यवतमाळ अंतर दीडशे किलोमीटर. तीन तासांचा रस्ता. आणि आई आपल्या पोरीला सांगते आहे की येऊ नको, कारण एका माणसाच्या आंघोळीचं पाणी घरात जास्तीचं नाही. यवतमाळात त्या वर्षी पाहुण्यांना हे सांगणाऱ्या आया काही थोड्या नव्हत्या. कुणाला राग आला नाही. सगळ्यांच्याच घरी तेच ड्रम आणि तीच मोजदाद.

जूनमध्ये गेले तेव्हा निळोण्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पोरं तिथे क्रिकेट खेळत होती.

तेव्हापासून कुठल्याही तळ्याकाठी गेले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे पाणी कुणाचं? कुठल्या गावाच्या नळाला जातं? हॉटेलात बाथटब बघून मैत्रिणी ‘वॉव’ म्हणतात तेव्हा मी तो किती बादल्यांचा असेल ते मोजत असते. मी बोअर आहे, मान्य. पण ट्रिप प्लॅन करायला माझ्यासारखा माणूस बरा असतो!

तर मग जायचं कुठे?

ग्रुपवर मी तीन ठिकाणं टाकली. तुमच्यासाठीही तीच, महिन्यांसकट.

चिखलदरा. अकराशे मीटरच्या थोडं वर, विदर्भाचं लाडकं हिल स्टेशन. शक्कर तलाव, भीमकुंड, गाविलगड. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फुटते, पण तेव्हा धुकं इतकं की तलावाच्या काठावर उभं राहून ‘तलाव कुठे आहे?’ असं विचारावं लागतं. धुकंच हवं असेल तर जरूर जा. तळं बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर हेही माहीत असू द्या, की भरपूर पाऊस पडणाऱ्या या मेळघाटात काही गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. उतारावरून पाणी निघून जातं ते असं.

नवेगावबांध. गोंदिया जिल्हा, नागपूरहून साधारण दीडशे किलोमीटर. माझ्या मते विदर्भातलं सगळ्यात देखणं डोंगरातलं तळं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला. ना इंजिनिअरिंगची डिग्री, ना सिमेंट. टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या बांधांनी बुजवल्या आणि त्यांच्यामध्ये पाणी अडवलं. भोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटलांना तर लोकांनी देवच केलं, कोलासुर म्हणून त्यांची पूजा होते. पूर्व विदर्भात कोहळी समाजानं असे तलाव ठिकठिकाणी बांधले आणि त्यावर धानाची शेती उभी केली. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे बरीच वर्षं काढली. आता हा भाग व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे पावसाळ्यात जंगलाचे दरवाजे बंद. डिसेंबर-जानेवारीत जा. पहाटे लवकर उठायची तयारी ठेवा, पक्षी काही ब्रंचला येत नाहीत.

इसापूर. हे माझ्या जिल्ह्यातलं, म्हणून थोडा पक्षपात चालवून घ्या. पुसदच्या बाजूला पैनगंगेवरचं मोठं धरण, पलीकडे हिंगोली जिल्हा. समुद्रासारखं पसरलेलं पाणी, लांबवर बुटक्या डोंगरांच्या रांगा आणि संध्याकाळी अख्खं आकाश त्यात उतरतं. पाणलोटाचा भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. हे पाणी पिकवतं हिंगोली, नांदेड आणि यवतमाळमधली शेतं. आणि त्याच्या तळाशी उठून गेलेल्या गावांच्या जमिनी आहेत, हेही विसरू नका. पुसद म्हणजे वसंतराव आणि सुधाकरराव या दोन मुख्यमंत्री नाईकांचं गाव. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सुधाकररावांनी लावून धरलं ते काही उगाच नाही. ज्या भागात माणसाला पाण्याची किंमत कळते, तिथूनच अशी माणसं येतात. इथे रिसॉर्ट वगैरे शोधू नका. पुसदला राहा, दिवसभर पाण्याकडे जा. पाऊस चांगला असेल आणि वेळ असेल तर पैनगंगेवरच पुढे सहस्रकुंडचा धबधबा आहे. योग्य वेळ म्हणजे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी.

आणि थोडं सिरियस

भरलेलं धरण प्रेमळ दिसतं, पण ते स्विमिंग पूल नाही. काठावरचा गाळ वरून सुकलेला आणि आतून मऊ असतो, पाय रुतला की निघत नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मिनिटभरापूर्वी ती सगळी हसत-खेळत असणार. सेल्फीसाठी भिंतीवर चढू नका. सांडव्याखाली उभं राहू नका. जिथे स्थानिक माणूस पाण्यात उतरत नाही, तिथे आपणही उतरायचं नाही. साधा नियम आहे.

दुसरं, बिसलरीच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं परत आणा. ते पाणी उद्या कुणाच्या तरी माठात जाणार आहे.

ग्रुपचं काय झालं? मतदान झालं. पँगाँगला दोन, इसापूरला चार. सॉफ्टवेअरवाल्यानंही मत इसापूरलाच दिलं, पण एका अटीवर. रोडगे आणि वांग्याची भाजी पाहिजेच. मी घरी फोन केला. आईनं आधी विचारलं, किती जण येताय? सहा म्हटल्यावर म्हणाली, ‘‘या ना. जाताना आधी घरी या, एक मुक्काम इथेच करा. यंदा निळोणा भरलं आहे.’’

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघतोय. ग्रुपचं नाव मात्र अजून ‘ट्रिप फायनल’च आहे. या वेळी ते खरं निघालं, एवढंच!