तुटीचा बोजा पोरांच्या पायांवर नको



मार्च महिना जवळ आला की जिल्हा परिषदेत अर्थसंकल्पाची लगबग सुरू होते आणि शिक्षण खात्याचा विषय निघाला की ठरलेले उत्तर ऐकू येते : निधी अपुरा आहे. असेल. तूट म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कापूस विकून दुकानदाराची उधारी फिटत नाही, तेव्हा आपल्याही घरात तोच हिशेब होतो. पण आपल्या घरात एक रीत आहे. पाऊस दगा देऊन गेला तर लग्न पुढे ढकलतो, बैल विकतो, एक वेळ अर्ध्या पोटी झोपतो; पेरणीसाठी राखलेली ज्वारी मात्र दळायला नेत नाही. तूट आली की आधी काय तोडायचे आणि शेवटपर्यंत काय राखायचे, एवढाच आमचा जिल्हा परिषदेला सवाल आहे.

आधी तूट कुठे आहे ते पाहू. गुरुजींचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या तिजोरीत पडतो तो मुख्यतः जमीन महसुलावरचा उपकर, खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर घेतल्या जाणाऱ्या जादा एक टक्क्यातला वाटा आणि ठेवींवरचे व्याज. पुण्यासारख्या जिल्ह्यात जमिनीचे सौदे मोठे, म्हणून तिजोरीही मोठी. आपल्या कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांत जमीन घ्यायला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिजोरी कोरडी. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? म्हणजे शेतीला भाव मिळाला नाही तर त्याची झळ शाळेच्या गळक्या छपरापर्यंत पोचते.

यावर शहाण्यांनी काढलेला तोडगा असा, की कमी पटाच्या शाळा बंद करा आणि पोरे मोठ्या शाळेत न्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांचा निर्णय काढला तेव्हा वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा विषय ऐरणीवर आला. नाव गोड आहे. पण गणित करून पाहा. शाळा बंद झाली तरी तिथल्या गुरुजींची दुसऱ्या शाळेत बदली होते, पगार चालूच राहतो. २०२१ मध्ये ठरलेल्या निकषांत तीसपर्यंत पटाच्या शाळेचे वर्षाचे अनुदान होते १०,००० रुपये. हाती लागणारी तातडीची बचत ती एवढी. खरी बचत पुढे होते : शिक्षकाचे पद निघून जाते, ते पुन्हा भरावे लागत नाही. आणि तांड्यावरच्या, पोडावरच्या, वस्तीवरच्या पोरांचे काय? शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, हे त्याच्या अंमलबजावणीचे माप आहे. ओढा भरला की गाडी येत नाही. वेचणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवतात. शाळा लांब गेली की ती थोरली कायमचीच घरी राहते. सरकारच्या वहीत याला बचत म्हणतात. आपल्या घरात याला पोरीचे नुकसान म्हणतात.

आम्ही आंधळेपणाने प्रत्येक शाळा धरून बसा असे म्हणत नाही. चार पोरे आणि एक गुरुजी, तेही महिन्यातले निम्मे दिवस बैठकांना, अशा शाळेत शिकणे होत नाही हे खरे. जिथे रस्ता बारमाही आहे, गाडीची हमी लेखी आहे आणि ग्रामसभा व शाळा व्यवस्थापन समिती दोघींनी ठराव केला आहे, तिथे पालकांनी खुशाल निर्णय घ्यावा. पण तो पालकांचा असावा. २०२२ मध्ये अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. निवडून आलेली शिक्षण समितीच नसेल तर वस्तीवरच्या आईने गाऱ्हाणे घालायचे कुणाकडे?

मग तूट भरायची कशी? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कात्री पोरापासून सगळ्यात लांबच्या टोकाला आधी लागावी. समारंभ, जाहिराती, साहेबांच्या गाड्या, शाळेने न मागता वरून येणारी साहित्याची खरेदी, हे आधी तोडा. शिक्षक, खिचडी, पाणी आणि छप्पर यांना हात लावू नका. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता. त्यातून आपल्या शाळेला नळ आणि शौचालय मिळाले का, हे ग्रामसभेत विचारा. पुढच्या आराखड्यातही शाळेचे नाव आधी घ्या.

राहिली लोकवर्गणी. छपरावरची कौले फिरवायला, कुंपण घालायला गाव एक दिवस राबेल, आणि राबावेही. पण विजेचे बिल आणि शिक्षकाचे मानधन वर्गणीवर चालवण्याची सवय लागली की सरकार अंग काढून घेते आणि गरीब गावाची शाळा आधी बुडते. शिवाय वर्गणी आपण दिलेलीच आहे. २००४ पासून २०१५ पर्यंत शिक्षण उपकर अबकारी करावरही होता. डिझेलच्या प्रत्येक डब्यामागे तो आपल्या खिशातून गेला. आम्ही भीक मागत नाही, दिलेल्या पैशाचा हिशेब मागतो.

हिशेब मागायचे हत्यार कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ सांगते की समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि त्याच आधारावर सरकारने व स्थानिक संस्थेने अनुदान द्यायचे. बहुतेक गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि आपण अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतो. यंदा तसे करू नका. अर्थसंकल्पाच्या आधीच समितीची बैठक लावा, बायामाणसांना बोलवा, किती आले, किती गेले, किती कमी पडते हे शाळेच्या फळ्यावर लिहायला लावा. आराखडा ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या आणि दोन्ही कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.