कुत्रं कुणाचं?

शनिवारी घोडेगावला पोचलं की चहाच्या टपरीवर पहिला विषय कांद्याचा भाव. दुसरा विषय हल्ली कुत्री. मोकाट नव्हे बरं का, विकत आणलेली. कोणाच्या तरी मोबाईलवर नवा व्हिडिओ आलेला असतो आणि तो बघून लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "पिटबुल, रॉटवायलर, ह्या जातींवर सरळ बंदी घाला, विषय संपला." दुसरी म्हणते, "जातीला काय धरून बसलात, आमच्या टायगरच्या अंगावर लेकरं लोळतात, हूं का चूं करत नाही." दोन्ही पार्ट्यांत माझे मित्र आहेत. त्यामुळे तिथे चहा पीत गप्प बसायचं आणि रविवारी इथे लिहून मोकळं व्हायचं, असा माझा शिरस्ता :)

तर माझं म्हणणं एवढंच आहे. कुत्रं कोणत्या जातीचं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे कुत्रं कुणाचं. आणि नेमका तोच आपण विचारत नाही.

जुलै २०२५ मधला मानखुर्दचा व्हिडिओ आठवतोय? रिक्षात ११ वर्षांचा मुलगा बसलाय, पिटबुल त्याच्यावर झेपावून हनुवटीला चावतोय, पोरगं जिवाच्या आकांताने सुटायला बघतंय आणि कुत्र्याचा मालक समोर बसून हसतोय. पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पण टपरीवर चर्चा काय झाली? पिटबुलच्या जबड्याची ताकद किती! अरे, त्या व्हिडिओत सगळ्यात भीतीदायक काय असेल तर ते हसू आहे. हाच माणूस उद्या दुसऱ्या जातीचं कुत्रं घेऊन बसला असता तर काय वेगळं झालं असतं?

आता कोणी म्हणेल, हे मुंबई-पुण्याचे चोचले, आपल्या गावाशी काय संबंध. संबंध आहे. आमच्याकडे माणसं गावठाणात कमी आणि रानात वस्तीवर जास्त राहतात. वस्तीवर कुत्रं पूर्वीपासून असतंच. चोर-चिलटांची भीती असते, आता उसात बिबट्याही असतो. पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर, जिथल्या घरांना दारं नसतात म्हणून ख्याती, आणि इकडे आमच्या वस्त्यांवर "कुत्र्यापासून सावध" अशा पाट्या. असो. मुद्दा असा की पूर्वी हे कुत्रं गावठी असायचं, नाहीतर धनगराकडून आणलेलं. घरादारात, माणसांत वाढलेलं. गेल्या काही वर्षांत मात्र बुलेट, स्कॉर्पिओ आणि त्यानंतर रॉटवायलर असा क्रम लागलाय. मोबाईलवर "डबल बोन, चॅम्पियन ब्लडलाइन" अशी जाहिरात बघायची, पैसे पाठवायचे आणि पिल्लू घेऊन यायचं. मग ते आठ फुटी साखळीला दिवसभर बांधून ठेवायचं आणि रात्री सोडून द्यायचं.

अशीच एक वस्ती आमच्या रस्त्याला आहे. माझी भाची त्याच रस्त्याने सायकलवर शाळेत जायची. कुत्रं दोनदा सायकलमागे लागलं, तेव्हापासून तिने लांबचा रस्ता धरला. मालकाशी बोललो तर उत्तर काय, "अहो इंजिनिअर साहेब, बांधलेलंच असतं की. आणि पोरीला म्हणावं पळू नको, पळालं की ते मागं लागतं." म्हणजे बघा, कुत्रं त्यांचं, रस्ता सरकारी आणि नियम पाळायचे बारा वर्षांच्या पोरीने!

आता बंदीकडे वळू. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक पत्रक पाठवलं. त्यात 'हिंस्र' म्हणून २३ जातींची यादी होती. त्यांची विक्री आणि पैदास यांना परवाने देऊ नका, लोकांकडे आधीच असलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात म्हटलं होतं. ती यादी वाचताना माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. 'तोसा इनू' एकदा आणि पुढे 'जपानी तोसा' पुन्हा एकदा. एका ठिकाणी नुसतंच 'टेरियर'. आता टेरियर हा डझनावारी जातींचा मोठा गोतावळा आहे, त्यात मांजराएवढी कुत्रीही येतात. एवढं करून शेवटी 'बॅनडॉग म्हणून ओळखले जाणारे सर्व प्रकार'. अशी हार्डकोडेड यादी मी ऑफिसात दिली तर कोड रिव्ह्यूमध्ये पाच मिनिटांत परत येईल. तशी ती कोर्टातून परत आलीच. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं. कारण असं की संबंधितांशी नीट सल्लामसलत न करता ते काढलं होतं.

पण समजा यादी अगदी बिनचूक असती, तरी काय झालं असतं? मुंबईतल्याच दोन केसेस घ्या. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर एका ७२ वर्षांच्या गृहस्थांना रॉटवायलरने चावे घेतले. मालकाला शिक्षा झाली, तीन महिने कैद. कधी? २०२३ मध्ये. दुसरी केस वरळीची. २०१८ मध्ये लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याला पाळीव कुत्रा चावला. मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली मे २०२५ मध्ये. पहिल्या कुत्र्याची जात २३ च्या यादीत आहे. दुसरा हस्की होता आणि हस्की त्या यादीत नाहीच! दोन्ही केसेसमध्ये समान काय, तर मालकाचा निष्काळजीपणा आणि न्यायाला लागलेली वर्षं. एकात तेरा, एकात सात. चावा घ्यायला दोन सेकंद पुरतात.

आणि शिक्षेचं कलमही बघा. प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे तेच कलम २९१ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. जाहिरातीतल्या पिल्लाची किंमत याच्या कितीतरी पट असते. एवढ्या दंडाला कोण भिणार?

इथे टायगर पार्टीला आनंद झाला असेल, म्हणून आता त्यांच्याकडे येतो. "जातीचा काही संबंध नाही" हेही अर्धसत्यच आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास आला होता. एकेका कुत्र्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला फक्त ९ टक्क्यांच्या आसपास जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. म्हणजे जात बघून स्वभाव सांगता येत नाही. मान्य. पण जात बघून वजन सांगता येतं, जबडा सांगता येतो. पामेरियन बिथरलं तर टाके पडतील, पन्नास किलोचं मॅस्टिफ बिथरलं तर माणूस जाईल. जुलै २०२२ मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या बाईंचा जीव घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. ह्या घरांना "आमचा काही करत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मोपेड आणि ट्रक दोन्ही वाहनंच. पण ट्रक चालवायला वेगळं लायसन लागतं, कारण ब्रेक लागला नाही तर नुकसान जास्त. ट्रकवर कोणी बंदी घालत नाही आणि "आमचा ट्रक फार प्रेमळ आहे" असंही कोणी म्हणत नाही. ताकदीचं कुत्रं पाळायचं तर जबाबदारी तेवढ्याच ताकदीची घ्या, इतकं साधं आहे हे.

बाहेरच्या देशांतही हा गोंधळ झालाय. इंग्लंडने १९९१ मध्ये कायदा करून पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली. लोकांनी मग 'एक्सएल बुली' नावाचा नवाच आडदांड प्रकार पाळला. शेवटी २०२४ पासून तोही विशेष परवानगीशिवाय ठेवणं बेकायदा करावं लागलं. यादी लांबत जाते, माणसं तीच राहतात. उलट नेदरलँडने पिटबुलवरची बंदी चावे कमी होत नाहीत म्हणून २००८ मध्ये मागे घ्यायचं ठरवलं. गोव्याच्या विधानसभेने २०२५ मध्ये जे विधेयक मंजूर केलं, त्याच्या नावातच नियमनाबरोबर 'भरपाई' हा शब्द आहे. मला तो शब्द महत्त्वाचा वाटतो.

पण खरं सांगू का, यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या गावात हे उत्तर आधीपासून होतं. त्याचं नाव कोंडवाडा!

दुसऱ्याच्या रानात गुरं शिरली की शेतकरी ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचा. मालकाने यायचं, दंड भरायचा, चाऱ्या-पाण्याचा खर्च भरायचा आणि मग जनावर सोडवून न्यायचं. कोणी आलंच नाही तर लिलाव. १८७१ सालचा कायदा आहे हा. त्यात गाय खिलार की गीर, बैल गरीब की मारका, असला प्रश्नच नाही. जनावर कुणाचं, एवढंच विचारायचं आणि नुकसान त्याच्याकडून घ्यायचं. "आमची गाय तशी नाही हो, पीक हललं म्हणून खाल्लं" असं म्हणून कोणाची सुटका झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असेल. म्हैस घेताना माणूस जात बघतो, दूध बघतो, दात बघतो आणि मग हमखास विचारतो, "काही खोड?" खोड ही त्या एका जनावराची असते, जातीची नसते. आणि ती लपवली तर विकणाऱ्याचं नाव बाजारात खराब होतं. म्हशीच्या बाबतीत एवढे शहाणे असलेले आपण कुत्र्याच्या बाबतीत एकदम भोळे कसे होतो? पिल्लू कुठून आलं, आई-बाप कसे होते, किती दिवसांचं असताना आईपासून तोडलं, कोण विचारतं? २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पिल्लाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच त्याला माणसांची, पोरांची, सायकलींची ओळख व्हावी लागते. त्या वयात जे साखळीला बांधलं गेलं, त्याला पुढे प्रत्येक सायकल शत्रूच वाटणार. यात कुत्र्याचा काय दोष?

तेव्हा मला विचाराल तर पुढच्या ग्रामसभेत साधा ठराव व्हावा. ग्रामपंचायतीत एक रजिस्टर ठेवा. त्यात मालकाचं नाव, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजच्या लसीची तारीख. कुत्रं रस्त्यावर आणायचं तर पट्टा हवाच. मोठं असेल तर तोंडाला मुसकंही हवं. मळणीत बैलाला मुसकं बांधणाऱ्यांना हे नवीन नाही. महाराष्ट्राच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही हिंस्र कुत्रं मुसक्याशिवाय मोकळं सोडू नये असं आहेच, आणि तिथे जातींची यादी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चावलं की भरपाई. रेबीजच्या इंजेक्शनांसाठी महिनाभरात चार-पाच खेपा होतात, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनसाठी नगर गाठावं लागू शकतं. त्या प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. हा सगळा खर्च मालकाने कोर्टाची वाट न बघता द्यायचा, असं गावानेच ठरवावं. (आणि चावलंच तर आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना-मिरची लावू नका, प्लीज.)

"मग मोकाट कुत्र्यांचं काय?" हा प्रश्न येणारच. तो मोठाच प्रश्न आहे, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. पण तो अवघड आहे कारण तिथे मालक नाही. इथे तर मालक गळ्यात साखळी घालून समोर उभा आहे. (कुत्र्याच्या गळ्यात, अर्थातच.) सोपा प्रश्न सोडवायला अवघड प्रश्नाची वाट कशाला बघायची?

कुत्र्यांचा मी द्वेष्टा नाही. आपल्याच तालुक्यात देवगडला आपण दत्तापुढे हात जोडतो तेव्हा त्याच्या पायाशी चार कुत्री असतातच. कधी लक्ष दिलंय? त्यातल्या एकाच्याही गळ्यात साखळी नसते. पण ती कुणाची आहेत, हे कोणाला विचारावं लागत नाही.