पब्लिक हेल्थ शिकायला निघालात, पण पब्लिक कुठंय?

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. बीडीएस होऊन दोन वर्षं झालीत, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बारा हजारांवर बसतोय.

“ताई, यूके करू की आयर्लंड?”

“कशात?”

“एमपीएच गं. दुसरं काय मिळणार आपल्याला?”

“बरं. पण पब्लिक हेल्थमध्ये तुला नेमकं शिकायचंय काय?”

जरा वेळ शांतता. मग म्हणाला, “ते कौन्सेलर सांगतील ना.”

मला राग आला, पण त्याचा नाही. पाच वर्षांपूर्वी मीही अशाच एका काचेच्या केबिनमध्ये बसले होते आणि अगदी हेच म्हणाले होते. त्या केबिनमध्ये निवडीचा क्रम ठरलेला असतो. आधी देश, मग बजेट, मग सप्टेंबरचा इनटेक की जानेवारीचा, मग आयईएल्टीएसचा स्कोअर. विषय सगळ्यात शेवटी. बीएएमएस असो, बीएचएमएस असो, बीडीएस, फिजिओ, नर्सिंग किंवा बी.फार्म, पीजीच्या प्रवेशपरीक्षेत नंबर लागला नाही किंवा प्रॅक्टिस नकोशी झाली की सगळ्यांना एकच पुडी मिळते: एमपीएच.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे स्वतःचा प्रश्न नाही, त्यानं परदेशात एमपीएचला जाऊ नये. निदान त्या वर्षी तरी जाऊ नये.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाहीये. माझ्याकडे प्रश्न होता आणि तो मी घरी ठेवून गेले, म्हणून सांगतेय.

मी बीएएमएस. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात दोन वर्षं सीएचओ होते. दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायची. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांत चार-पाच महिन्यांच्या गरोदर बायाही असायच्या. माझ्या रजिस्टरात त्यांचं नाव, वजन, हिमोग्लोबिन सगळं लिहिलेलं. पुढचे रकाने कोरे. बाई कोल्हापूरकडे गेली की कर्नाटकात, तिथल्या सिस्टरकडे तिची नोंद झाली का, बाळंतपण फडावर झालं की दवाखान्यात, काही कळायचं नाही. एप्रिलमध्ये ती परत यायची तेव्हा कधी कडेवर बाळ असायचं, कधी नसायचं. आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, ते तुम्ही वाचलं असेल. त्याच बाया या.

जी बाई वर्षातले सहा महिने गावात नसते, तिच्या आरोग्याची जबाबदारी कुणाच्या रजिस्टरात लिहायची? हा माझा प्रश्न होता. स्थलांतर आणि आरोग्य यावर काम करणारे विभाग जगात आहेत, आरोग्याच्या माहिती-यंत्रणा कशा बांधायच्या हे शिकवणारे आहेत. मी त्यांतला एकही शोधला नाही. कारण ते केबिनमधल्या यादीत नव्हते.

त्या यादीबद्दल आधी बोलू. सल्ला फुकट का असतो, असा विचार कधी केलाय? परदेशातली अनेक विद्यापीठं एजंटला प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतात, बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीत. यूकेचं एमपीएच बहुतांशी एकाच वर्षाचं. म्हणजे पहिलं वर्ष हीच अख्खी फी. यात बेकायदा काही नाही. पण समोरचा माणूस तुमचा सल्लागार नाही, विद्यापीठाचा विक्रेता आहे, एवढं लक्षात ठेवून बसावं. त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचा करार कुठल्या विद्यापीठांशी आहे आणि कुठल्यांशी नाही?

मग रँकिंग. घरच्यांना सांगायला बरं असतं: जगात अमुकवा नंबर. पण लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही १८९९ साली सुरू झालेली, या विषयातली जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थांपैकी एक. विद्यापीठांच्या काही सर्वसाधारण जागतिक क्रमवाऱ्यांत ती शोधा. सापडणार नाही. तिथं पदवीपूर्व शिक्षण नाही, फक्त पदव्युत्तर आहे, म्हणून त्या क्रमवाऱ्यांच्या नियमातच ती बसत नाही. जी यादी या विषयातली इतकी मोठी संस्था दाखवू शकत नाही, तिच्यावर विसंबून तुम्ही याच विषयाचं कॉलेज निवडताय.

आणि एसओपी. माझी एसओपी कन्सल्टन्सीतल्या एका मुलीनं लिहिली. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड होती’ अशी सुरुवात. ऊसतोड हा शब्द त्यात नव्हता. उपकेंद्राचा उल्लेख एका ओळीत, ‘ग्रामीण भागातील अनुभव’ एवढाच. मला का जायचंय हे मीच मला सांगायचा तो एकमेव कागद होता, आणि तो मी पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतला. पुढं जे झालं त्याचा दोष मी विद्यापीठाला देत नाही. माझा प्रबंध इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या लठ्ठपणावर होता, तोही आधी छापलेल्या पेपरांचा आढावा. विषय वाईट नव्हता. माझा नव्हता.

वर्गात नायजेरियाची एक नर्स होती. पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरलेली. आई दार उघडत नाही तेव्हा काय करायचं, हा प्रश्न घेऊन ती आली होती. प्रत्येक तासाला ती प्राध्यापकाला तिथंच आणायची. बायोस्टॅटच्या तासालासुद्धा विचारायची, “दार न उघडलेल्या घरांचा आकडा या टेबलात कुठं जातो?” तेच वर्ग, तीच फी, तीच ग्रंथालयं. ती शिकून गेली, मी पास होऊन आले.

आता पैशाचं बघू, कारण कर्ज आपल्या नावावर असतं आणि जामीन बाबांची जमीन असते. फी, राहणं, व्हिसा, आरोग्य अधिभार धरून ३० लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, मुदत १० वर्षं, तर महिन्याचा हप्ता ४१ हजारांच्या वर जातो. उपकेंद्रातल्या सीएचओला ठरलेलं मानधन आणि कामावरचा मोबदला मिळून साधारण ४० हजारांपर्यंत मिळायचे. म्हणजे मी ज्या कामासाठी शिकायला गेले, त्या कामाच्या पूर्ण पगारात त्या शिक्षणाचा हप्ता बसत नाही. हे गणित केबिनमधल्या पाटीवर कुणी लिहीत नाही.

तिथंच नोकरी करून फेडू, असं म्हणाल. तेही नीट बघा. यूकेत टॉट मास्टर्सला जाणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून नवरा-बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. शिकून झाल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होणार. बीडीएस किंवा बीएएमएसवर एमपीएच केलं म्हणून तिथं रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही, आणि इथं एमपीएचनं कुणी एमडी होत नाही. माझ्या बॅचमधले कितीतरी जण आठवड्याच्या २० तासांच्या मर्यादेत केअर होममध्ये रात्रपाळी करत होते. मीही केली. म्हाताऱ्या माणसांची सेवा हे हलकं काम नाही. पण त्यासाठी ३० लाख लागत नाहीत, आणि परदेशातून केअर वर्कर घेण्याची ती वाटही जुलै २०२५ मध्ये बंद झाली.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं नुसत्या एमपीएचला सहसा एका वर्षाचं ओपीटी मिळतं. एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स स्टेम यादीत असल्यानं आणखी दोन वर्षं मिळू शकतात. नाव एकच, एमपीएच, पण कोर्सच्या कोडनुसार दोन वर्षांचा फरक. आणि माहितीपत्रकांत अजून डब्ल्यूएचओ आणि यूएनचे निळे झेंडे छापलेले असतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं डब्ल्यूएचओतून बाहेर पडायची घोषणा केली, १ जुलै २०२५ ला यूएसएडचं काम थांबलं. ‘ग्लोबल हेल्थ’मधले अनुभवी लोकच आज नोकऱ्या शोधताहेत. त्या रांगेत नुसती पदवी घेऊन तुम्ही कितव्या नंबरावर उभे राहणार?

इथं दोन आक्षेप येतात.

पहिला: “आम्हाला बाहेरच पडायचंय, कोर्स हे निमित्त आहे.” असेल. बाहेर पडायची इच्छा हा गुन्हा नाही. बारा हजारांवर डेंटिस्टला राबवणाऱ्या राज्यानं तर त्याबद्दल तोंडच उघडू नये. पण मग तसं स्वतःशी कबूल करा आणि व्हिसाचा हिशोब व्हिसासारखा मांडा. त्या हिशोबात जनरल एमपीएच हा आज महाग आणि कमकुवत रस्ता आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: “प्रश्न वगैरे खात्यापित्या घरच्यांना परवडतात.” मला उलट वाटतं. बापाच्या पैशावर जाणारा प्रश्नाशिवाय जाऊन वर्षभर फिरून येऊ शकतो. कर्ज काढणाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय शिष्यवृत्त्या प्रश्नालाच पैसे देतात. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही लागतो. ‘समाजसेवेची आवड’ त्यांनी हजारदा वाचलेली असते. कोऱ्या रकान्यांची गोष्ट त्यांनी वाचलेली नसते.

आणि परदेश म्हणजे गोऱ्यांचाच देश, हे कुणी ठरवलं? ढाक्यात ब्रॅक विद्यापीठाचं जेम्स पी. ग्रँट स्कूल आहे. ब्रॅकच्या कार्यकर्त्या १९८०च्या दशकात गावोगाव जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या. त्या अनुभवाच्या शेजारी बसून एमपीएच करता येतं, आणि विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी तिथं शिष्यवृत्त्याही राहिल्या आहेत. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच आहे, मुंबईत टिसमध्ये आहे. तिथं मिळत नाही असं नेमकं काय लंडनला मिळणार, हे एका वाक्यात सांगता आलं तर जरूर लंडनला जा.

माझ्या पहिल्याच आठवड्यात १८५४ची लंडनची पटकीची साथ आणि जॉन स्नोचा नकाशा शिकवला. छान शिकवला. पुढं एका स्लाइडवर गडचिरोली आली. अभय आणि राणी बंग यांचं १९९९ सालचं ‘लॅन्सेट’मधलं काम: गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. वर्गानं माझ्याकडे पाहिलं. मी गडचिरोलीला कधीच गेले नव्हते. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० साली सुरू केलेलं काम बघायला जगभरातून लोक येतात, आणि माझ्या उपकेंद्रापासून तासाभराच्या वाटेवर असूनही मी तिथं पाय ठेवला नव्हता. १८९७च्या प्लेगमध्ये घरात घुसून झडत्या घेणारा रँड आपण शाळेत शिकलो, त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई शिकलो. लोकांना धाक दाखवून साथ आवरायची की लोकांत उतरून, हा पब्लिक हेल्थचाच धडा होता. आम्ही तो पाच मार्कांसाठी पाठ केला.

तिथं हत्यारं मिळतात. सांख्यिकी, अर्थशास्त्र, धोरण, चांगलं ग्रंथालय, भांडायला तयार असलेले वर्गमित्र. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. पण हत्यार कशावर चालवायचं ते इथून न्यावं लागतं. म्हणून कोर्स निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मॉड्यूलची यादी मागा. प्रबंधासाठी स्वतः माहिती गोळा करता येते का, की फक्त पेपरांचा आढावा? तुमच्या प्रश्नावर तिथं कोण काम करतं, त्याचं नाव शोधा आणि त्याला थेट ईमेल लिहा. गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज काय करतात, ते एजंटला नको, त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

मामेभावाला मी फोनवर एवढंच विचारलं, “तुझ्या खुर्चीवर सगळ्यात जास्त कोण येतं?”

“गुटख्यावाली पोरं. कालच एक आला होता, अठराचा. तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती.”

“कुठून घेतो तो?”

“कॉलेजसमोरच्या टपरीवर.”

“राज्यात गुटखाबंदी कधीची आहे?”

“२०१२ची.” मग तो थांबला. “मिळतो कसा मग, हेच कळत नाही ना ताई.”

मी त्याला सांगितलं, हा तुझा प्रश्न आहे. बंदी कागदावर राहते ती का, कर लावला तर काय होतं, कंपन्या काय करतात, यावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत. बाथ विद्यापीठात तंबाखू उद्योगावर नजर ठेवणारा गट आहे, जॉन्स हॉपकिन्समध्ये तंबाखू नियंत्रणाची संस्था आहे, मुंबईत टाटा हॉस्पिटल आहे. आधी या लोकांचं वाच. तोवर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला विचार, पहिली पुडी कितव्या वर्षी खाल्ली, आणि लिहून ठेव. देश नंतर ठरव.

त्यानं एक शंभर पानी वही घेतलीय, असं मामी सांगत होती. कौन्सेलरचे रोज फोन येतात, सप्टेंबरच्या जागा भरत आल्यात म्हणून. त्यानं अजून डिपॉझिट भरलेलं नाही.