उरलेले तीन पौंड

नफा-तोट्याचे एक गणित मी माझ्या वर्गाला दरवर्षी घालतो. १९१९ साली लंडनच्या पूर्व भागात, हॅक्नीच्या बाजारात, जॅक कोहेन नावाच्या तरुणाने पहिल्या दिवशी ४ पौंडांचा माल विकला. त्याला १ पौंड नफा झाला. तर शेकडा नफा किती? मुले खरेदी ३ पौंड धरतात आणि उत्तर देतात, ३३ पूर्णांक एक तृतीयांश. मी बरोबरची खूण करून पुढच्या गणिताकडे वळतो. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, उरलेले तीन पौंड कोणाला मिळाले?”

पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; अर्थशास्त्राची पोथी मी उघडलेली नाही. पण त्या मुलीने विचारले तेच विचारण्यासारखे होते, एवढे कळण्याइतके त्रैराशिक मला येते. कोहेनच्या त्या हातगाडीतून पुढे टेस्को ही ब्रिटनमधली सर्वांत मोठी किराणा दुकानांची साखळी उभी राहिली. पोलंडहून आलेल्या ज्यू शिंप्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धातून सुटून आलेला, गाठीच्या थोड्या पैशांवर व्यापार सुरू करतो आणि साम्राज्य उभारतो! आपल्या व्याख्यात्यांना याहून गोड गोष्ट कोणती? ते १ पौंडाचे कौतुक करीत राहतात. ३ पौंडांकडे कोणी पाहत नाही.

आपण पाहू. पहिल्या दिवशीचा माल म्हणजे सैन्यासाठी घेतलेले आणि युद्ध संपल्यावर उरलेले जिन्नस. ते पडून राहण्यापेक्षा गरिबाच्या घरी स्वस्तात गेले, यात कोणाचा तळतळाट? ती स्वस्ताई निर्मळ होती. १९२४ साली चहा पुरवणाऱ्या टी. ई. स्टॉकवेल यांची आद्याक्षरे आणि कोहेन या नावाची पहिली दोन अक्षरे जोडून ‘टेस्को’ हे नाव झाले. म्हणजे नावातसुद्धा माल देणारा आधी आणि विकणारा मागून! हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पुढचीही बरीच वर्षे मी कोहेनच्याच बाजूने साक्ष देईन. त्या काळी ब्रिटनमध्ये वस्तूची किरकोळ किंमत कारखानदार ठरवीत असे. दुकानदाराने एक पेनी कमी घेतली तर त्याचा माल बंद! कोहेनने या मक्तेदारीशी उभा दावा मांडला. ढीग उंच लावा आणि स्वस्त विका, हे त्याचे ब्रीद. ग्राहकाने स्वतःच टोपली भरावी, ही नवी रीत त्याने उचलली. तिने नोकरांचा खर्च वाचला. किंमत उतरवता येत नाही, तर गिऱ्हाइकाला बक्षिसाची तिकिटे देऊ, म्हणून १९६३ साली त्याने तीही वाटली. अखेर १९६४ साली, एडवर्ड हीथ व्यापारमंत्री असताना, कायदा झाला आणि कारखानदाराची ती मिरास गेली. सामान्य गृहिणीचा हा विजय होता.

पण ज्या हातांनी साखळी तोडली त्याच हातांत ती हळूहळू आली. १९५७ साली ७० दुकाने विकत घेतली, १९५९ साली २००, १९६० साली २१२. एकेक पेढी गिळत हा पसारा वाढला. २००७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये किराण्यावर खर्च होणाऱ्या पैशांतले तिसांहून अधिक टक्के एकट्या टेस्कोच्या गल्ल्यात पडत होते. आता मुरांबा करणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराने काय करावे? भाव पटला नाही म्हणून ‘नाही’ म्हणावे, तर देशाच्या बाजारपेठेचा तिसरा हिस्सा त्याला बंद! पूर्वी कारखानदार दुकानदाराला दरडावीत होता. आता दुकानदार कारखानदाराला दरडावू लागला. दंडुका तोच, हात बदलला.

हे मी रागाने बोलतो असे कोणी म्हणेल, म्हणून नोंदलेलेच सांगतो. २०१४ साली टेस्कोने आपला नफा सुमारे २६ कोटी पौंडांनी फुगवून दाखवल्याचे उघड झाले. पुरवठादारांकडून मिळायच्या रकमा वेळेआधीच नफ्यात धरल्या होत्या. अधिकाऱ्यांवरचे खटले न्यायालयात टिकले नाहीत. पण कंपनीला २०१७ साली १२ कोटी ९० लाख पौंडांचा दंड मान्य करावा लागला. दरम्यान, किराणा व्यवहारासाठी ब्रिटनने २०१३ साली नेमलेल्या सरकारी पंचाने २०१६ मध्ये निवाडा दिला की, स्वतःची आर्थिक स्थिती बरी दिसावी म्हणून टेस्कोने पुरवठादारांचे देणे जाणूनबुजून लांबवले. त्याबद्दल दंड झाला नाही, कारण तो प्रकार घडला तेव्हा पंचाला दंडाचा अधिकारच मिळालेला नव्हता! बाई, तुझे तीन पौंड कोठे गेले ते कळले ना? काही काळ ते देणेकऱ्याच्याच तिजोरीत बसून होते.

येथे काही वाचक डोळे पुसत म्हणतील, आपला गल्लीतला वाणीच बरा होता. त्या रडगाण्यातही मी सूर मिळवणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला होता. उधारीच्या वहीपुढे माझी आई मान खाली घालून उभी राही. छापील किंमत, बंद पुडा आणि कोणाची मिनतवारी न करता घेता येणारा माल ही मोठी सोय आहे. ती नाकारणे म्हणजे ढोंग. मात्र नव्या दुकानदाराजवळही वही असते, एवढे विसरू नये. टेस्कोने १९९५ साली क्लबकार्ड काढले. वाण्याच्या वहीत आपली उधारी होती. या वहीत आपण काय खातो, केव्हा खातो आणि कशाने भुलतो हे सारे आहे.

आता हे परक्यांचे पुराण दिवाळीत कशाला, असे विचाराल. परके राहिले कोठे? २०१२ साली आपल्या सरकारने किरकोळ व्यापाराचे दार परदेशी भांडवलाला उघडले आणि २०१४ साली टेस्को टाटांच्या ट्रेंट कंपनीबरोबर स्टार बाजारच्या दुकानांत निम्म्याची भागीदार झाली. ती दुकाने मुंबई-पुण्यात आहेत. या दुकानांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या झोपेविरुद्ध आहे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ चा कायदा आपल्याकडे आहे. पण ज्याच्या दारात उद्या पुन्हा चकलीची भाजणी घेऊन जायचे, त्याच्याविरुद्ध आज फिर्याद करणार कोण? ब्रिटनने ही अडचण ओळखली. म्हणून तिथल्या पंचाला तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन आहे आणि आपण होऊन चौकशी करण्याचाही अधिकार आहे. असा पंच आला म्हणून टेस्को बुडाली नाही. ती आजही तिथली पहिल्या क्रमांकाची साखळी आहे.

असा पंच आपल्याला का नको? दुकान कोणाचेही असो, देशी असो की विलायती, बचत गटाच्या बायांच्या पापडाचे पैसे वेळेवर गेले की नाही हे पाहणारा कोणी असला पाहिजे. ही मागणी पापड लाटणारीला करता येणार नाही. तिचे पोट त्या दुकानावर आहे. ती तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांनीच केली पाहिजे, कारण दुकानदार भितो तो गिऱ्हाइकालाच.

त्या मुलीला मी त्या दिवशी “पुस्तकात आहे तेवढेच कर” म्हणून खाली बसवले. शिक्षकाच्या हातून असे पाप घडते. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की, ते गणित मी पुन्हा फळ्यावर लिहिणार आहे, आणि या वेळी तिचा प्रश्न त्याच्याखाली.