जवारी आणि नक्षी

सेनहायझर या जर्मन कंपनीच्या कानात घालायच्या इअरफोनांमध्ये तीन भावंडे आहेत: आयई २००, आयई ६०० आणि आयई ९००. तिघांच्याही पोटात आवाज काढणारा पडदा एकेकच, आणि तो सात मिलिमीटरचाच. बाजारात आले तेव्हा धाकट्याची किंमत दीडशे डॉलर होती, मधल्याची सातशे आणि थोरल्याची तेराशे. धाकट्याचे अंग प्लॅस्टिकचे. मधला झिर्कोनियमच्या मिश्रधातूचा, थ्रीडी प्रिंटरवर घडवलेला. थोरला ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला, आत आवाज निवळण्यासाठी बारीक कप्पे. तिघांच्या आवाजात फरक आहे आणि कान देऊन ऐकणाऱ्याला तो कळतोही. पण किंमत जवळपास नऊपट झाली म्हणून गाणे नऊपट गोड झाले, असे त्या थोरल्याचा मालकही शपथेवर सांगणार नाही.

महाग इअरफोन घ्यावेत का, या प्रश्नाला एक मोजमापी उत्तर २०१७ साली मिळाले. जेरोन ब्रीबार्ट यांनी कानातले आणि कानावरचे मिळून २८३ हेडफोन यंत्रावर मोजले आणि त्यांच्या आवाजाचा समतोल किमतीशेजारी मांडून पाहिला. खर्जापासून टिपेपर्यंत कोणता स्वर किती जोरात वाजतो हा तो समतोल, आणि त्याचा किमतीशी काही संबंध दिसला नाही. अर्थात समतोल म्हणजे सगळे काही नव्हे. विकृती असते, डाव्या-उजव्याचा मेळ असतो, टिकाऊपणा असतो. तरीही इअरफोन चांगला वाजतो की वाईट, हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा समतोलाचाच. आणि नेमकी तीच गोष्ट पैशाच्या मागोमाग चालत नाही.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जसा एक ठरावीक सूर निघतो, तशी ही नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपसूक उचलून धरते. जन्मापासून आपण सगळे जग या उचलीसकट ऐकतो. इअरफोनने नळीचे तोंड बुजवले की ही नैसर्गिक उचल मोडते, आणि बनवणाऱ्याला ती इअरफोनच्या आवाजात पुन्हा भरून द्यावी लागते. कमी भरली तर गायक भिंतीपलीकडे बसल्यासारखा वाटतो, जास्त भरली तर टाळ कानाला टोचतात. किती भरावी, याचा शोध हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन घेतला. बहुसंख्य लोकांची आवड बऱ्यापैकी जुळते, असे त्यात दिसले.

आवाज महाग साहित्यात नसून अशा जुळवणीत असतो, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा घ्यायला गेलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्यावरची नक्षी, दांडीवरची वेलबुट्टी यांनी वाद्याची किंमत चढते. पण तार गुंजते ती घोडीच्या माथ्यामुळे. कारागीर तो माथा कानशीने केसभर घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवून पाहतो, पुन्हा घासतो. या कामाला जवारी लावणे म्हणतात. जवारी बिघडलेला नक्षीदार तानपुरा मुका असतो आणि जवारी साधलेला साधा तानपुरा खोली भरून टाकतो. इअरफोनच्या बाबतीतही पैसे जवारीचे पडत आहेत की नक्षीचे, एवढेच पाहायचे असते.

एके काळी या जवारीचेच पैसे पडत. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन आणला. त्यातला इवलासा ध्वनिजनक श्रवणयंत्रांच्याच घराण्यातला होता. १९९५ मध्ये जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन बँडचे ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याबरहुकूम इअरफोन बनवले, कारण रंगमंचावरच्या गदारोळात त्यांना काही धड ऐकू येत नव्हते. ही कामे मोजके लोक करत, बरेचसे हाताने, आणि कानाची नळी कशी भरून काढायची हे ज्ञानही मोजक्यांकडेच होते. तेव्हाच्या महाग वस्तूच्या किमतीत ती विद्या सामावलेली होती.

आता ती विद्या बंद दाराआड राहिलेली नाही. मोजमापाची यंत्रे स्वस्त झाली, श्रोत्यांच्या आवडीचे आलेख छापून आले, आणि चीनमधल्या कारखान्यांनी दोन्ही उचलले. २०२२ मध्ये मूनड्रॉपचा चू आणि सेव्हन हर्ट्झचा सॅल्नोट्स झिरो हे इअरफोन वीस डॉलरच्या आसपास आले. आपल्याकडे हा भाव दोन हजार रुपयांच्या घरात जातो. त्यांचा समतोल दहापट किमतीच्या कित्येक इअरफोनांना खाली मान घालायला लावेल असा आहे. त्यांची वायर साधी आहे, अंगावर ओरखडे पडतात, डबीला रुबाब नाही. म्हणजे नक्षी कमी, जवारी ठीक.

स्वस्त म्हणजे चांगलेच, असा मात्र याचा अर्थ नाही. रेल्वे स्टेशनबाहेर आणि मोबाइलच्या दुकानात चार-पाचशे रुपयांना लटकणारे बरेचसे इअरफोन ‘बास’च्या हौसेपायी असे फुगवलेले असतात की तबल्याचा डग्गा सगळी मैफल गिळून टाकतो. गायकाचा आवाज त्याच्यामागून वाट काढत येतो. आमचे मत असे, की वायरच्या इअरफोनांत पाचशेवरून दोन-तीन हजारांवर जाताना पैशाला जेवढा आवाज मिळतो, तेवढा पुढच्या कुठल्याही पायरीवर मिळत नाही. तीस हजारांवरून लाखावर जाताना तर तो शोधावा लागतो.

त्याहून मोठा फरक मात्र फुकटात पडतो, तो कानात नीट बसण्याने. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर सुमारे ६९ हर्ट्झचा. इअरफोनच्या रबराभोवती बारीकशी फट राहिली तरी हा मूळ सूर तिथून निसटून जातो. गंमत अशी, की तो निसटल्याचे आपल्याला कळत नाही. वरचे स्वयंभू स्वर शाबूत असतात, त्यांवरून मेंदू खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. तार ऐकू येते, पण तिचे वजन गेलेले असते, आणि आपण म्हणतो, ‘इअरफोन पातळ वाजतोय’, आणि त्याहून महाग नव्याची शोधाशोध सुरू करतो.

दुसरी फसगत डोळ्यांची. हरमन कंपनीतल्याच फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. पडद्याआडून चांगले गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच दिसू लागताच घसरला. मोठे, देखणे स्पीकर वर चढले. ऐकणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, त्याच कंपनीचे कर्मचारी होते. दुकानात यात आणखी एक भर पडते: दोन इअरफोनांपैकी जो किंचित जोरात वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो. आवाजाची पातळी सारखी न करता केलेली तुलना म्हणजे वेगवेगळ्या तराजूंत तोललेली भाजी.

शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते कुठलाही इअरफोन आणून देऊ शकत नाही. मिरजेतच चिरविश्रांती घेत असलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रिका केल्या. त्या तंत्राला साधारण २५० ते २,५०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पकडता येई. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ नंतरचे. त्या तबकड्या लाखाच्या इअरफोनवर ऐकल्या तर खाँसाहेब आहेत तिथेच राहतात, खरखर तेवढी टवटवीत होते.

वायर नसलेल्या इअरफोनांचा हिशेब निराळा आहे, आणि तिथे महागाला आमचा विरोध बराच सौम्य होतो. बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या इअरफोनांत मायक्रोफोन आणि चिप सतत काम करत असतात. लोकलची घरघर, विमानाचा घोष, बसच्या इंजिनाची धडधड असे सखल आवाज ती उलटी लाट सोडून दाबतात. हे काम चांगले करणारे आणि जेमतेम करणारे यांतला फरक चर्चगेट-विरार प्रवासात पहिल्याच दिवशी कळतो. त्याचा फायदा फक्त सुखाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, ९० डेसिबलचा मात्र चारच तास. गाडीचा आवाज बुडवण्यासाठी गाणे वाढवणारा माणूस ही मर्यादा नकळत ओलांडतो. गोंगाट कमी असला की हात आवाजाच्या बटणाकडे कमी जातो.

पण याच वस्तूच्या पोटात एक घड्याळही टिकटिकत असते. प्रत्येक बोंडात इवलीशी लिथियम बॅटरी, आणि ती बहुतेकांत बदलता येत नाही. पंचवीस हजारांचा जोड तीन वर्षांत दमला, तर वर्षाला आठ हजारांहून अधिक पडले. वायरच्या इअरफोनची वायर तुटली तर, ती सुटी निघणारी असेल तर, नवी घालता येते. प्रस्तुत लेखकाचा एक वायरवाला जोड शर्टाच्या खिशातून धुलाई यंत्रात जाऊन आला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात पडून राहिला आणि अजून वाजतो आहे.

मग तीस-चाळीस हजार कोणी मोजावेत? रोज रंगमंचावर उभे राहणाऱ्याने कानाच्या साच्याचे करून घ्यावेत. तिथे प्रश्न श्रवणशक्तीचा आणि पोटाचा आहे. ध्वनिमुद्रण तपासणाऱ्याला चुका ऐकू याव्या लागतात. आणि ज्याला छंदच आहे, त्याने खुशाल मोजावेत. पैठणी कोणी ऊब मिळावी म्हणून घेत नाही. फक्त आपण नक्षीचे पैसे देत आहोत हे ठाऊक असावे, आणि विकणाऱ्याने ते जवारी म्हणून खपवू नये.

बाकीच्यांनी नवीन काही घेण्याआधी घरातल्या इअरफोनची डबी उघडून पाहावी. बहुतेक डब्यांत रबरांचे लहान आणि मोठे जोड असतात, आणि बहुतेक घरांत ते अजून पारदर्शक पुडीतच असतात. कारखान्यातून मधले रबर लावून येते, तेच वर्षानुवर्षे राहते. दोन्ही कान एका मापाचे असतीलच असेही नाही. कोणाला डाव्या कानात मधले आणि उजव्यात मोठे बसते. तानपुऱ्याचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे, एकेक रबर चढवून पाहावे, आणि खर्जाची तार कुठे भरून येते तिथे थांबावे.