किंक्रांतीला तंजावरात असावं

मराठी सहल कंपन्यांच्या दक्षिण भारताच्या कार्यक्रमात तंजावर बहुतेकदा दुपारच्या जेवणाच्या आसपास येतं. सकाळी तिरुचिरापल्लीहून निघालेली बस साठेक किलोमीटर कापून बृहदीश्वराच्या दाराशी पोहोचते तेव्हा गाभारा बंद व्हायला तासभर उरलेला असतो. तो पुन्हा उघडणार चारच्या सुमारास. प्रांगणातली फरशी एव्हाना अशी तापलेली असते की अनवाणी मंडळी सावलीतून सावलीत पळत देऊळ पाहतात. मग राजवाड्याला अर्धा तास, मान डोलावणाऱ्या बाहुलीची खरेदी, आणि बस मदुराईच्या रस्त्याला. महाराष्ट्राबाहेर मराठी राजवटीच्या इतक्या खुणा एका जागी क्वचितच सापडतील, आणि नेमक्या त्या शहराला मराठी पर्यटक दोन तासांत उरकतो.

या घाईत गाइड एक गोष्ट हमखास सांगतो: देवळाच्या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही. ती पडते. कोवळ्या उन्हात किंवा संध्याकाळी तिथे असणाऱ्याला स्वच्छ दिसते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, साठ मीटरहून उंच असलेलं हे ग्रॅनाइटचं बांधकाम तसंही पुरेसं थक्क करणारं आहे. त्याला दंतकथेचं ठिगळ लावायची गरज नाही. भिंतींवरचे तमिळ शिलालेख तर एखाद्या कचेरीच्या दप्तरासारखे आहेत. देवळाच्या सेवेतल्या ४०० नर्तकींची नावं आणि कोणाला कुठलं घर दिलं, याचीसुद्धा नोंद त्यात आहे.

तंजावर पाहायचं तर जानेवारीत. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा, एप्रिल-मे महिन्यांत काहिली. पोंगल मात्र पाऊस ओसरल्यावर येतो, आपल्या संक्रांतीच्या जोडीने. दुसऱ्या दिवशी माट्टू पोंगल, म्हणजे गुराढोरांचा सण. आपल्याकडे बैलांचा मान पोळ्याला, श्रावण अमावास्येला. कावेरीकाठी तो बहुधा किंक्रांतीलाच, फार तर एक दिवस पुढे. ज्या दिवशी आपल्याकडची जुनी माणसं शुभकार्य टाळतात, त्या दिवशी बृहदीश्वरासमोरचा अखंड दगडातला प्रचंड नंदी भाज्या, फळं आणि मिठाईने मढवला जातो. वांगी, गाजरं, भोपळे यांच्या माळा घातलेला तो नंदी पाहायला गावोगावचे लोक येतात. हा देखावा कुठल्याही ध्वनि-प्रकाश कार्यक्रमापेक्षा सरस, आणि त्याला तिकीट नाही.

तंजावरहून तासाभराच्या आत तिरुवैयारू येतं. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज १८४७ मध्ये इथेच निवर्तले. त्यांची आराधना पौष वद्य पंचमीला होते, म्हणजे तारीख शोधायला आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. त्या सकाळी कावेरीकाठच्या समाधीजवळ शेकडो गायक-वादक मांडी घालून समोरासमोर बसतात आणि त्यागराजांच्या पंचरत्न कृती एकत्र म्हणतात. मैफिली गाजवणारे कलावंत आणि गाणं शिकणारी मुलं एकाच सतरंजीवर. ज्या समाधीभोवती हे सारं घडतं, तिची उभारणी बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने स्वतःचा पैसा ओतून केली. तिथे बायकांना गायची परवानगी मिळावी म्हणून झगडल्याही त्याच. २०२५ मध्ये माट्टू पोंगल १५ जानेवारीला आणि पंचरत्न १८ ला होतं. असं जुळून आलं की एकाच खेपेत दोन्ही साधतं.

आता राजवाडा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात इथे सत्ता घेतली, आणि भोसल्यांचं घराणं १८५५ पर्यंत टिकलं. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये या घराण्याचा इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठीत कोरला गेला. (चोळांच्या भिंतीवर स्वतःची वंशावळ लिहायची, यात थोडा आगाऊपणा आहेच.) चार ओळी लावायला वेळ लागतो, पण लागतात. तो कोरवून घेणारे दुसरे सरफोजी हे एक विलक्षण प्रकरण होतं. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. मृत्युशय्येवरच्या या गुरूला भेटणारे सरफोजी संगमरवरात कोरलेले पाहायचे तर शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये जावं. ते शिल्प इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनचं आहे. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर सरफोजींनी उरलेलं बळ ग्रंथांत, वैद्यकात आणि संगीतात लावलं. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी जमवलेली पुस्तकं, मोडी कागदपत्रांचे रुमाल आणि डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह लिहिलेली टिपणं आहेत. त्यांच्या नावाचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही याच ग्रंथालयाने छापलं.

इथे मराठी माणसाच्या एका खोडीविषयी बोलायला हवं. तंजावरात तो ‘आपलं’ काय तेवढं शोधतो. दरबार हॉलमध्ये फोटो काढतो आणि शेजारच्या कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्तींना पाठ दाखवतो. पण या राजांचं मोठेपण केवळ मराठी राहण्यात नव्हतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठी नाटक लिहिलं आणि तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम’ही रचलं. आज भरतनाट्यमचा जो क्रम रंगमंचावर दिसतो, तो घडवणारे चार भाऊ, ‘तंजावर चौकडी’, याच दरबाराच्या आश्रयाला होते. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली: तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी या चाली मराठी कीर्तनातून गेल्या. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही कहाणी तेवढी जेवणाच्या पंगतीपुरती ठेवावी.

यासाठी तीन रात्री हव्यात. एक संध्याकाळ आणि एक पहाट देवळाला, एक पूर्ण दिवस राजवाडा, कलादालन आणि ग्रंथालयाला, एक तिरुवैयारूला. सहल कंपन्यांनी तंजावरचा मुक्काम वाढवावाच, पण त्यांची वाट पाहण्याचं कारण नाही. तिरुचिरापल्लीपर्यंत विमान किंवा रेल्वे, पुढे दीड तासाची बस. पोंगलच्या गर्दीत हॉटेलं लवकर भरतात, तेव्हा पुढच्या वर्षीची पौष वद्य पंचमी आत्ताच पाहून ठेवा आणि खोली दिवाळीआधी राखून ठेवा.